मारियेनफेल्डचे जास्तीचे दोन इंच

“पन्नास वर्षं! एकही सकाळ चुकली नाही,” हवामान कार्यालयाची कोरिना म्हणाली आणि तिने पितळेची पाटी लिअँडर श्टेकलाइनच्या हातात ठेवली.

चर्चच्या सभागृहात टाळ्या झाल्या. लिअँडरने पाटी छातीशी धरली. रोज सकाळी सातला अंगणातल्या पर्जन्यमापकात पट्टी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा, महिनाअखेर पान कार्यालयाला पाठवायचं. बिनपगारी काम. आधी बापाने केलं, मग त्याने. पश्चिम कॅन्ससच्या त्या पठारावर पावसावरून दोघांचं वाजलं की तिसरा म्हणायचा, “भांडता कशाला? लिअँडरची वही बघा.”

“आता भाषण नको हं, लिअँडर,” मागून आल्फोन्स ओरडला. “बीरॉक गार होतायत. पोटात कावळे कोकलतायत.”

“तुझं तोंड तेवढं कधी गार होत नाही,” लिअँडर म्हणाला. सगळे हसले. टेबलावर कोबी आणि खिमा भरलेल्या त्या पावांची ताटं वाफाळत होती.

कोरिनाने भिंतीवर वसंतातल्या पावसाच्या अंदाजाचा नकाशा लावला. सगळं पठार तपकिरी होतं. एप्रिल आणि मे कोरडे जातील असंच दिसतंय, तिने सरळ सांगून टाकलं. मग तिने नकाशाच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे नेमका मारियेनफेल्डवर नाण्याएवढा हिरवा डाग होता.

“तुमचं गाव मात्र नशीबवान आहे. आजूबाजूला कोरडं जातं तेव्हाही इथे दोन इंच जास्त पडतो. का पडतो ते आम्हाला नीट उमगलेलं नाही, पण नोंद पन्नास वर्षांची आहे. तेवढ्या पावसावर तुमचा गहू उभा राहील.”

“देवाला आपला पत्ता पाठ आहे!” आल्फोन्स म्हणाला.

“मग कोरड्या साली माझा गहू का जळतो?” कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं.

“तू पेरतोस कसा ते आधी बघ!”

पुन्हा हशा उठला. त्यात लिअँडर नव्हता. तो नकाशाजवळ गेला, चष्मा वर करून त्या डागाकडे बघत राहिला.

मार्लीस त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा नवरा शरदात गेला होता. हा तिचा एकटीचा पहिला वसंत. तिने खिशातून गव्हाचा देठ काढला आणि नखाने उभा चिरला. आत पोकळी धरली होती.

“लिअँडरकाका, उद्या काढायची ना वासरं?”

देठ पोकळ झाला की थांबायला जागा नसते. हिवाळाभर गव्हात चरणारी वासरं त्याच दिवसांत बाहेर काढायची, तरच दाणा भरतो. आत ठेवली तर पीक गेलं, पण वासरं तयार होतात. मार्लीसकडे नव्वद वासरं होती आणि दुसरं गवत नव्हतं. बाहेर काढली तर अर्धी पोसलेली विकावी लागणार. त्यानंतर पाऊस आला नाही तर गहूही जाणार, आणि दोन्ही गमावल्यावर शेत राहणार नाही.

“राहू दे आत,” लिअँडर म्हणाला. “चरू दे त्यांना.”

“पण नकाशा बघा ना.”

“नकाशाचं सोड गं.”

“काका, नकाशा तुमच्याच वहीवरून काढलाय. आभाळ खोटं बोलेल, वही बोलणार नाही, असं तुम्हीच म्हणत आलात. आमचे हेही तुमच्याच भरवशावर चालायचे.”

“पाटी मिळाली आणि म्हातारा लाजायला लागला,” आल्फोन्स म्हणाला. “मार्लीस, बिनधास्त काढ. मीही काढतोय. आम्ही सगळेच काढतोय.”

माना डोलल्या. मार्लीसचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत तिला असा कोणी धीर दिला नव्हता. तिने फोन काढून दिराला लावला. “उद्या सहाला ट्रक घेऊन ये. हो, सगळी नव्वद. पक्कं ठरलं.”

लिअँडरने हातातल्या पाटीकडे पाहिलं. तिच्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं. पन्नास वर्षांत त्याच्या आकड्याला कोणी ‘कशावरून’ म्हटलं नव्हतं. आता गप्प बसला तर उद्याही कोणी म्हणणार नव्हतं.

त्याने पाटी बीरॉकच्या ताटांमध्ये पालथी ठेवली.

“मार्लीस, फोन ठेवू नकोस. त्याला सांग, येऊ नको म्हणावं. आल्फोन्स, तूही ऐक.” सकाळी आकडा वाचावा तसा त्याचा आवाज स्वच्छ होता. “वहीत नुसती शून्यं मांडली की दुष्काळ घर करून बसतो, असं बाप म्हणायचा. म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या दिवशी मी शून्याच्या जागी इंचाचे चार शतांश लिहीत आलो. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटायचं.”

कोरिना नकाशाकडे वळली.

“ते दोन इंच मारियेनफेल्डवर कधी पडलेच नाहीत, पोरी. ते माझ्या पेन्सिलीतून पडले.”