चिकटलेली पानं

पुस्तकाचं पान उघडेना. पद्मजाने नखाने कड सोडवली, तर बोटाला ओलं, बुळबुळीत काहीतरी लागलं. थुंकी. अजून ताजी.

फोटोत एक मेक्सिकन बाई कडेवर मूल घेऊन शेतमजुरांच्या मोर्चात चालली होती. थुंकी नेमकी तिच्या तोंडावर होती. पद्मजाने घाईघाईने बोट पुसलं. म्हणजे थुंकणारा माणूस अजून लायब्ररीतच होता.

हॅमिल्टन शहरातल्या या शाखेत ती लायब्रेरियन होती आणि इथलं स्पॅनिश शेल्फ तिनेच हट्टाने उभं केलं होतं. कथा, कविता, आणि अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या, लोकांनी आपल्या हक्कांसाठी दिलेल्या लढ्यांचा इतिहास. मुलांच्या वेगळ्या शाळा. 'मेक्सिकनांना प्रवेश नाही' अशा हॉटेलांवरच्या पाट्या. घाण पाणी बदलायच्या आदल्या दिवशीच या मुलांना आत घेणारे पोहण्याचे तलाव. जवळच्या हायस्कूलमधली शिक्षिका इलियाना दर शनिवारी येऊन याच पुस्तकांतून तिच्या वर्गाची तयारी करायची. ती मूळची एल साल्वादोरची. तिथल्या यादवी युद्धातून जीव वाचवून तिचे आईवडील इथे आले होते.

हिवाळा सुरू झाल्यापासून कोणीतरी या पुस्तकांवर थुंकत होतं. "अजून एकदा झालं तर सगळं शेल्फ स्टोअरेजमध्ये," मॅनेजरने बजावलं होतं. "हा हेल्थ इश्यू आहे."

पद्मजाचा संशय टोपीवाल्या एका गोऱ्या माणसावर होता. काउंटरवर कोणी स्पॅनिश बोललं की तो "स्पीक इंग्लिश" म्हणून गुरगुरायचा. तिने पुस्तक जागेवर ठेवलं आणि पलीकडच्या रॅकमागे उभी राहिली.

थोड्या वेळाने एका हाताने शेल्फवरून दुसरं पुस्तक काढलं. हात सुरकुतलेला, म्हातारा. पुस्तक उघडलं. डोकं खाली वाकलं. बारीकसा आवाज झाला. मग पुस्तक मिटून, कणा इतरांच्या रांगेत आणून, नीट जागेवर सरकवलं गेलं.

ते नंदकुमार काका होते.

पद्मजा आणि तिचा नवरा नागपूरहून आले, तेव्हा त्यांचा पहिला हिवाळा काकांच्या बेसमेंटमध्ये गेला होता. भाडं विचारलं तर काका रागावले होते. स्टील प्लांटमधले रिटायर्ड इंजिनिअर. पद्मजाला बर्फात गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. तिचा मुलगा त्यांना आजोबा म्हणायचा. शनिवारी ते लायब्ररीत आले की ती काउंटर सोडून धावायची. त्यांचा कोट काढून घ्यायची, हात धरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची, कॉफी आणून द्यायची.

"काका, हे काय केलंत?"

ते दचकले नाहीत. रुमालाने ओठ टिपले. "तू पाहिलं नाहीस असं समज."

"का पण?"

"मी इथे आलो ना, तेव्हा भर बसमध्ये एकजण माझ्या तोंडावर थुंकला होता. नव्या सुटात होतो मी, इंटरव्ह्यूला चाललो होतो. कुणी मान वर करून पाहिलं नाही." त्यांचा आवाज चिरकला. "आमच्यासाठी कुणी शेल्फ लावलं? आम्ही गुपचूप पुसलं आणि कामाला लागलो. ही माणसं येतात आणि यांच्या रडगाण्यांची प्रदर्शनं मांडतेस तू. आपली मुलगी असून!"

पद्मजाच्या डोळ्यांसमोर तो सुटातला तरुण आला. ओल्या चेहऱ्याने बसमध्ये उभा. तिला भडभडून आलं. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. आपली गोष्ट आपल्यात राहू दे, बाळ."

ती 'हो' म्हणणारच होती. पुस्तकं पुसता आली असती. काकांना शनिवारी घरीच बसा म्हणून सांगता आलं असतं. तेवढ्यात इलियाना शेल्फपाशी आली आणि तिने नेमकं ते मोर्चाच्या फोटोचं पुस्तक काढलं. पान उघडलं. ती थांबली.

काकांनी मान हलवली. स्वच्छ, सभ्य इंग्रजीत म्हणाले, "किती घाणेरडं! कसली माणसं असतात ही!"

पद्मजाने खांद्यावरचा हात झटकला. त्या हाताची, त्या इस्त्रीच्या रुमालाची, त्या गोड आवाजाची तिला शिसारी आली. बोटाला लागलेल्या थुंकीचीही इतकी आली नव्हती.

"इलियाना," ती म्हणाली. तिचा आवाज शाखाभर ऐकू गेला. "यांनी केलंय हे. मी आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मॅनेजरला मी स्वतः सांगणार आहे."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "पद्मजा," एवढंच म्हणाले. खुर्चीवरचा कोट उचलून ते दाराकडे चालू लागले. एक बाही अंगात गेली, दुसरी त्यांना सापडेना. पद्मजा जागची हलली नाही.

इलियानाने पर्समधून ओल्या वाइप्सचं पाकीट काढलं. ते अर्धं संपलेलं होतं. ती त्या फोटोतल्या बाईचा चेहरा हलक्या हाताने पुसू लागली. इतक्या सराईतपणे, की पद्मजा बघतच राहिली.

"हे काकाच करतात, तुला माहीत होतं?"

इलियानाने होकारार्थी मान हलवली. "दर शनिवारी जेवढी पानं सापडायची तेवढी पुसायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

इलियानाने दाराकडे पाहिलं. काका अजून बाहीशी झटापट करत होते.

"मला वाटलं," ती हळूच म्हणाली, "ते तुझे वडील आहेत."