जबड्याचा उपवास

डॉ. राऊतबाईंनी इझाबेलच्या गालावर यंत्राचं टोक टेकवलं आणि पडद्यावरचा आकडा पाहून भुवया उंचावल्या. "चावायचा स्नायू दगडासारखा कडक झालाय. मटणबिटण फार होतं का?"

"राखेच्या बुधवारपासून बंद आहे, डॉक्टर. उपवासकाळ ना!"

"मग?"

इझाबेल ओशाळून हसली. "यंदा मटणाबरोबर आणखी एक सोडलंय. थोरल्या जावेला उलट बोलणं. ती तोंड सोडते आणि मी दात आवळून गप्प बसते."

"म्हणजे हा जबडा ईस्टरला उपवास सुटल्यावरच सैल होणार," डॉक्टरही हसल्या. "तोवर गरम पाण्याने शेका."

घरी न सांगता आलेली इझाबेल घाईने बाहेर पडली, तर बाकावर थोरली जाऊच बसलेली. ब्रेंडा. गालाला हात लावून.

"तुमचंही दुखतंय?"

"महिना झाला. झोपेत दात आवळले जातात." ब्रेंडाने मान वर केली नाही. "तू भांडायचीच थांबलीस. एवढं काय गं लागलं तुला माझं बोलणं?"