निजेची खूण

ठकीने बाटली ट्यूबलाइटखाली धरली, डोळे बारीक केले आणि मान हलवली.

"ह्ये माझं झाड न्हाय."

कमळा टिपणीस बाटलीकडे वाकली. भिवंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता या एवढ्याशा कोंबासाठी तिने कॉलेजच्या या कोठीत आठ महिने घालवले होते. गणेशपुरीपलीकडच्या कड्यावर ठकीचं एकुलतं एक झुडूप होतं. बाळंतिणीचं रक्त थांबेना झालं की ठकी त्याचा पाला वाटून देई. तिला ते सासूने दाखवलं होतं, सासूला तिच्या सासूने. मग डोंगराला दगडाची खाण लागली आणि सुरुंगाबरोबर कडा गेला. ठकीच्या ओच्यात एक मलूल डहाळी उरली. भिवंडीत झाडांची कुणी डॉक्टरीण आहे असं ऐकून म्हातारी एसटीने थेट कमळाच्या दारात आली होती.

डहाळी रुजली नाही. तेव्हा कमळाने तिचे तांदळाएवढे तुकडे केले, घरच्या प्रेशर कुकरात बाटल्या वाफवल्या आणि साखर, क्षार, नारळपाणी घालून थिजवलेल्या थरावर ते तुकडे ठेवले. "टिपणीसबाईंनी लोणचं घातलंय," असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणत. लोणच्याला बुरशी लागलीच. एक बाटली तेवढी वाचली. तिच्यात भिजल्या साबुदाण्यासारखा पांढरा गोळा धरला, ना मूळ, ना पान. आणि एके दिवशी त्या गोळ्याला हिरवं टोक फुटलं, मग बारकी पानं आली.

"बी कुठं हाय ह्याचं?" ठकीने विचारलं.

"बी नाही, मावशी. तुमच्याच डहाळीचा तुकडा आहे."

"नि माती?"

"मातीही नाही."

"मंग मी कसं वळखू? उघड. वास घेऊन सांगते."

कमळाने बाटली पोटाशी धरली. "उघडली की बुरशी शिरेल. मुळं अजून धरायची आहेत. हे गेलं तर दुसरं नाही."

"आन दुसराच पाला निघाला तं? न वळखलेला पाला मी बायकांच्या पोटात न्हाय घालायची, बाय."

बाटलीत वाढवलेलं झाड कधी कधी बदलतं, हे कमळानेही वाचलं होतं. बाटली उघडून झाड मारायचं, की बंद ठेवून ते निरुपयोगी करायचं, एवढंच आता उरलं होतं.

ठकी जमिनीवर बसली. बाटली मांडीत घेऊन तिने पदराच्या चार घड्या तिच्यावर घातल्या, वर दोन्ही हात ठेवले. "थांब," म्हणाली. भिंतीपलीकडच्या कारखान्यात कापडाचे लूम खटखटत होते, त्यांच्या दणक्याने टेबलावरच्या काचा थरथरत होत्या. म्हातारी देवाला आळवते आहे असं समजून कमळा मुलांच्या वह्या तपासायला बसली. अर्धा गठ्ठा संपला.

"आता बघ."

ठकीने पदर सारला. मघाशी पसरलेली पानं खाली लोंबली होती.

"सुकलं, मावशी."

"सुकलं कुठलं? निजलंय." ठकीचा आवाज एकदम बारीक झाला होता. "नीट बघ. पाठीला पाठ लावून दोन-दोन पानं निजली. शेंड्याचं येक तेवढं उभं हाय. त्ये राखणीला जागं ऱ्हातं. डोंगरावं सांजेला आस्संच निजायचं. दुसरं कुठलं झाड आसं निजत न्हाय." तिने बोटाने काच कुरवाळली. "माझंच हाय."

संध्याकाळी सहाला दिवा मालवून कमळा रोज घरी गेली होती, आणि तिच्या पाठीमागे या बिनखिडकीच्या कोठीत हे रोज निजत होतं. या झाडाने डोंगर पाहिला नव्हता. सांज पाहिली नव्हती. एका पेशीत अख्खं झाड असतं, हे वाक्य कमळाने फळ्यावर किती वर्षं लिहिलं होतं. पण त्या झाडाची झोपही तिथेच असते, एक पान जागं ठेवायचंही तिथेच असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, मग आता..."

ठकीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. निजल्यावं हात लावायचा न्हाय, की बोलायचं न्हाय." मग तिने खटखटणाऱ्या भिंतीकडे रागाने पाहिलं. "त्यांना कोन सांगंल?"

कमळाने पायांतल्या चपला काढल्या. भर दुपारचा एक वाजला होता. अनवाणी, पावलांचा आवाज न करता, ती भिंतीवरच्या बटणापाशी गेली आणि ट्यूबलाइट मालवली.