एबोनाइटवरचे दात

बेगम बाजारात परदेशी बॉलपेनांचे ढीग लागलेत, तरी मी नल्लकुंट्यातल्या माझ्या घरी लेथवर एबोनाइटची, म्हणजे कडक काळ्या रबराची, जुन्या घाटाची शाईपेनं घडवतो. शेजारची आठ वर्षांची माधवी शाळा सुटली की शिकायला येते. सध्या ती स्वतःसाठी पेन करते आहे.

सोमवारी दुपारी मी तिचं पेन कपाटातून काढलं, तर टोकावर दातांचे बारीक ठसे.

संध्याकाळी ती आल्यावर विचारलं, "पेन चावतात का गं? एबोनाइटवर दात उमटतात, सांगितलं होतं ना?"

"मी नाही चावलं, आजोबा! कपाटाला कुलूप, अन् किल्ली तुमच्या जानव्याला."

खरंच होतं. मी ठसे घासून टोक चकचकीत केलं आणि पेन पुन्हा कुलपात ठेवलं.

मंगळवारी दुपारी ठसे पुन्हा होते, पण मधल्या एका दाताची जागा कोरी. संध्याकाळी माधवी हसत आली. ओठाला रक्त होतं.

"दात पडला, आजोबा! आत्ताच, तुमच्या पायरीवर!"

बुधवारी दोन जागा कोऱ्या होत्या. संध्याकाळी तिचा दुसरा दात माझ्यासमोर पडला. दोन्ही दिवशी तिला काही न सांगता मी ठसे घासले.

आज दुपारी पेन भिंगाखाली धरलं. टोक गुळगुळीत आहे. एकही ठसा नाही.

तिची शाळा साडेचारला सुटते. आता सहा वाजलेत.