चहा पिऊन आलेल्या बाई

तपासणीच्या बाई आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा प्यायल्या आणि मग काजू सोलायच्या शेडमध्ये आल्या, तेव्हाच जयवंतीच्या मनात पाल चुकचुकली. परदेशी गिऱ्हाइकाने पाठवलंय म्हणे. पाठवलं असेल. पण चहा कुणाचा प्यायली?

"मावशी, घरी जाताना तुमची झडती घेतात का?"

"नाही हो." जयवंतीने पढवलेलं उत्तर दिलं. मॅनेजर शेजारीच उभा होता.

"बरं. चला, जरा बाहेर बसून बोलू."

जयवंती उठली, आणि दाराशी तिच्या हातांनीच घात केला. रोजच्या सवयीने तिने पदर सोडला, झटकून दाखवला.

"काजूची सालं चिकटतात ना, म्हणून झटकतात," मॅनेजर हसत म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. पटलं वाटतं हिला, जयवंतीच्या मनात आलं. चहा लागू पडला.

तिने पदर पुन्हा खोचला. मग भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि रोज संध्याकाळी उभी राहते तशी पाय फाकवून उभी राहिली.

मागे काजू सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"आणि हे कशासाठी?" बाईंनी मॅनेजरकडे वळून विचारलं.