डब्यावरचं नाव

शेजाऱ्यांकडून जेवण घेऊन आलेली भांडी झरमीनाने परत द्यायला घासून जिन्यात मांडली. प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं होतं. काबूलहून पळून येऊन सात वर्षं झाली होती. आता पंधरा दिवसांत देश सोडा, असा कागद आला होता.

शेजारच्या वर्तककाकू सगळ्या सोसायटीच्या सह्यांचा अर्ज घेऊन आल्या. "वकील उद्या कोर्टात जातोय गं."

"पुरे, काकू. आशा धरूनच जास्त दमलेय. हा तुमचा डबा. रिकामा देऊ नये, म्हणून साखर घातलीय."

काकू डबा घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यातच गरम आमटी भरून आणली. डब्यावर काकूंच्या नावाखाली नवी अक्षरं कोरलेली होती : झरमीना, बी-११.

झरमीनाने बांधलेली बॅग उघडून ताटं बाहेर काढली.