डोमाजींची मर्यादा

घरात शिरण्याआधी खाकरावं, सुनांना डोक्यावर पदर घ्यायला सवड द्यावी, ही आरमोरीकडच्या सासऱ्यांची रीत. पण डोमाजींइतकी ती कोणी पाळली नाही. ते बारमाही खाकरत. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देत.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली आणि अख्खं गाव खोकू लागलं. सुनांचा पदर दिवसभर खाली येईना. हळूहळू गाव उठलं, डोमाजी मात्र खाटेवरच धापा टाकत राहिले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "हा खोकला कधीपासूनचा?"

"खोकला नाई जी थो," त्यांची बायको शकुबाई म्हणाली. "मर्यादा हाय त्यायची!"

"बाई, गोठ्यातल्या भाताच्या सडक्या तणसाची बुरशी यांच्या फुप्फुसात बसली आहे, कित्येक वर्षांची. त्यावर ही साथ. आज नागपूरला नेलं नाही, तर हातचे जातील."

नेलं. दिवाळीला डोमाजी ठणठणीत होऊन परतले आणि जराही आवाज न करता थेट चुलीपाशी जाऊन उभे राहिले. सुना किंचाळत मागच्या दाराने पळाल्या.

शकुबाईने कपाळावर हात मारला. "चांगला माणूस नेऊन देल्ला होता मीनं. डाक्टरनं बिघडवून वापस केला!"